सायकलीच्या चाकांतील तारा

जालन्याहून दक्षिणेकडे निघालें म्हणजे सुमारें २५ किलोमीटरांवर अंबड लागतें. गांवालगत माशाच्या आकाराची टेकडी आहे, तीवर मत्स्योदरी देवीचें देऊळ आहे आणि नवरात्रांत तेथें मोठी यात्रा भरते. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. पुढें तो औरंगाबाद जिल्ह्यांत राहिला आणि १९८१ सालीं जालना जिल्हा निराळा झाला तेव्हां त्यांत आला. तालुक्याच्या दक्षिणेस शहागडाजवळ गोदावरी वाहते. जमीन बहुतेक काळी. पावसाळ्यांत या जमिनीवरची कच्ची वाट चाकाला चिकटून धरून ठेवते, आणि उन्हाळ्यांत तीच वाट चाकोऱ्या पडून दगडासारखी कठीण होते. चाकाची परीक्षा पाहण्यास याहून कठोर जागा शोधण्याची गरज नाहीं.

अशा वाटांवरून ज्या सायकली जातात त्यांपैकीं पुष्कळ शाळेंतील मुलींच्या असतात. मानवविकासाच्या दृष्टीनें मागें पडलेले म्हणून राज्य सरकारनें २००६ सालीं जे १२ जिल्हे निवडले त्यांत जालना होता. त्याच कार्यक्रमांतून पुढें आठवी ते बारावींत शिकणाऱ्या व शाळेपासून ५ किलोमीटरांपर्यंत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली देण्याची योजना निघाली. चार-पांच किलोमीटरांचें अंतर कागदावर थोडें दिसतें. तेंच दप्तर पाठीवर घेऊन रोज दोनदां तुडवावयाचें झालें म्हणजे तें थोडें राहत नाहीं, आणि मुलीची शाळा सातवीनंतर कां थांबते याचें निम्में उत्तर त्या अंतरांतच सांपडतें. सायकलीनें हें अंतर वीस-पंचवीस मिनिटांचें केलें. परंतु सायकल देणें हें एक काम आणि ती चालती ठेवणें हें दुसरें. ट्यूबला भोक पडलें तर तें घरांतील कोणालाहि कळतें. चाक डगमगूं लागलें, ब्रेकला घासूं लागलें, एखादी तार खळखळूं लागली, तर मात्र दोष कोठें आहे हें कळत नाहीं. दुरुस्तीचें दुकान तालुक्याच्या गांवीं. सायकल भिंतीला टेकते आणि मुलगी पुन्हां पायीं जाऊं लागते. त्या सायकलीला पुष्कळदां एका लहानशा पान्यानें दिलेला पाव फेराच हवा असतो. शहरांतील घरांतहि हीच स्थिति आहे. फरक इतकाच कीं तेथें सायकल जिन्याखालीं टेकते.

सायकलीचें चाक समजावयाचें असेल तर आधीं बैलगाडीचें जुनें लाकडी चाक डोळ्यांपुढें आणावें. मध्यें तुंबा, त्यांतून निघालेले जाड आरे, आऱ्यांच्या टोंकांना जोडलेले पुठे आणि सर्वांवर लोखंडी धाव. ओझें तुंब्यावर येतें. तुंब्याखालीं जो आरा त्या क्षणीं जमिनीकडे असेल तो खांबाप्रमाणें तें तोलून धरतो. खांब जाड असावाच लागतो, म्हणून आराहि जाड असतो आणि चाकहि जड होतें.

सायकलीच्या चाकांत त्या आऱ्याच्या जागीं अवघी दोन मिलिमीटर जाडीची तार आहे. ती उभी धरून वरून दाबली तर ताबडतोब वांकेल. खांब म्हणून तिची किंमत शून्य. तीच दोन्ही टोंकांना धरून ओढली तर मात्र दोनशें किलोंहून अधिक ओढ सहन करील. तेव्हां या चाकाची सारी युक्ति अशी आहे, कीं प्रत्येक तार आधींच ताणून ठेवावयाची. एक टोंक वांकवून मधल्या हबच्या कडेंतील भोकांत अडकविलेलें, दुसरें टोंक रीमच्या भोकांतून आलेल्या लहानशा पितळी निपलांत आट्यांनीं बसविलेलें. निपल फिरवावें तसा ताण वाढतो किंवा उतरतो. चांगल्या कसलेल्या चाकांत एकेका तारेवर साठ ते शंभर किलो वजन टांगल्याइतका ताण असतो. जुन्या धाटणीच्या काळ्या सायकलीला पुढें ३२ आणि मागें ४० तारा असतात. प्रत्येकी ८० किलो धरले तरी मागच्या चाकांतील तारांची एकूण ओढ तीन टनांवर जाते. आणि एवढी ओढ चारी दिशांनीं एकमेकींना तोलीत असल्यामुळें चाक स्वस्थ उभें दिसतें.

ओझें आल्यावर काय होतें, याविषयीं एक समजूत फार पसरलेली आहे. तुंबा वरच्या तारांना लोंबकळतो आणि म्हणून वरच्या तारा अधिक ताणल्या जातात, असें ती सांगते. घरच्या घरीं एक प्रयोग करून पाहावा. सायकल उभी धरून मागच्या चाकांतील अगदीं खालची तार बोटानें छेडावी व तिचा स्वर लक्षांत ठेवावा. मग घरांतील एखाद्या वजनदार मनुष्यास खोगिरावर बसवावें, आणि तीच तार पुन्हां छेडावी. स्वर स्पष्ट उतरलेला ऐकूं येईल. वरच्या तारेचा स्वर मात्र जवळजवळ होता तसाच राहतो. म्हणजे ओझें पेलतांना वरच्या तारा फारशा ताणल्या जात नाहींत. जमिनीकडच्या तीन-चार तारांचा ताण तेवढा कमी होतो, आणि त्या कमी होण्यानेंच ओझें तोललें जातें. आधीं ताणलेली वस्तु ताण सोडून दाबाचें काम करते, ही गोष्ट प्रथम ऐकतांना विचित्र वाटते, पण कान खोटें सांगत नाहींत.

यावरून पुढचें सर्व निघतें. तारेंत सोडण्याजोगा ताण मुळांत असला पाहिजे. तो नसेल तर ती तार जमिनीकडे येतांच पूर्ण ढिली पडते. तिचें वांकविलेलें टोंक हबच्या भोकांत खडखडतें, तिच्या निपलवरची पकड सुटते आणि हादऱ्यांनीं तें आपोआप उलट फिरूं लागतें, म्हणजे ढिली तार आणखीच ढिली होते. तिच्या वांट्याचें काम शेजारच्या तारांवर पडतें. दुकानांत तार तुटली म्हणून आलेल्या गिऱ्हाइकाचा समज बहुधा असा असतो कीं तारा फार आवळल्यामुळें तुटली. खरें कारण पुष्कळदां उलट असतें. तार एका झटक्यानें क्वचितच तुटते. ती थकून तुटते. ज्या ठिकाणीं ती वांकविलेली आहे तेथें, प्रत्येक फेऱ्याला ताण उतरतो व चढतो, आणि एक सूक्ष्म चीर हळूहळू आंत शिरत जाते. हिशेब साधा आहे. चाकाचा घेर सुमारें दोन मीटर धरला तर ५ किलोमीटरांत चाक अडीच हजार वेळां फिरतें. जाऊन-येऊन पांच हजार. शाळेचे दोनशें दिवस धरले तर वर्षाला दहा लाख. एकाच जागीं दहा लाख वेळां चढउतार सोसणाऱ्या तारेला निदान खडखडूं तरी देऊं नये.

तारांची ही कल्पना सायकलीपेक्षां जुनी आहे. इंग्लंडांतील जॉर्ज केली यानें १८०८ सालीं आपल्या वहींत ताणलेल्या धाग्यांवर उभें राहणारें हलकें चाक काढून ठेवलें होतें. त्याला तें हवेंत उडणाऱ्या यंत्रासाठीं हवें होतें. १८६९ त पॅरिसच्या यूजेन मेयरनें तारांच्या चाकाचें पेटंट घेतलें. आरंभींच्या चाकांत तारा हबपासून सरळ रीमकडे जात. पायटे मारले म्हणजे अशा चाकाचा मधला भाग पुढें पिळला जाई आणि रीम मागें राही. १८७४ त कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लेनें तारा तिरप्या, एकमेकींना ओलांडून जाणाऱ्या बसविल्या: अर्ध्या पुढें ओढणाऱ्या, अर्ध्या मागें. चालवितांना मागच्या चाकांत एक जात घट्ट होते व दुसरी तितकीच सैल, आणि पायांचा जोर रीमपर्यंत पोंचतो. आज अंबडच्या रस्त्यावर जी सायकल दिसेल तिच्या चाकाची वीण तत्त्वतः तीच आहे. दीडशें वर्षांत ती बदलण्याचें फारसें कारण पडलें नाहीं.

नव्या सायकलीविषयीं एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे, कारण वाटप झालेल्या सायकली नव्याच असतात. नव्या चाकांत निपलें रीमच्या भोकांत आणि तारांचीं टोंकें हबमध्यें पुरतीं बसलेलीं नसतात. पहिल्या कांहीं आठवड्यांत तीं आपापल्या जागीं दबतात आणि सर्वच तारांचा ताण थोडा उतरतो. सायकल नवी आहे म्हणून तिच्याकडे पाहावयास नको, असा घरोघरचा विचार असतो. वास्तविक चाकाला सर्वांत अधिक लक्ष याच महिन्यांत लागतें. पहिल्या महिन्यानंतर एकदां तारा कसून घेतल्या तर चाक पुढें पुष्कळ दिवस गप्प राहतें.

तपासणी कानानें करावी. चाक हळूहळू फिरवीत प्रत्येक तार, जेथें ती दुसरीला ओलांडते त्या जागेच्या व रीमच्या मध्यें, नखानें छेडावी. ज्यांच्या घरीं तंबोरा लावला जातो त्यांना हें सांगावयास नको कीं तार घट्ट तसा स्वर चढा. मात्र स्वर आणि ताण सारख्या प्रमाणांत चढत नाहींत. स्वर षड्जावरून पंचमावर गेला तर ताण दीडपट न होतां सव्वादोनपट होतो, आणि वरच्या षड्जावर गेला तर चौपट. म्हणून दोन तारांच्या स्वरांत थोडासाहि फरक ऐकूं आला तर ताणांतला फरक त्याहून मोठा आहे असें समजावें. मागच्या चाकांत उजव्या बाजूस फ्रीव्हील असतें; त्यामुळें त्या बाजूच्या तारा अधिक उभ्या असतात व त्यांचा ताण डावीपेक्षां कांहींसा अधिक ठेवावा लागतो. तेव्हां उजवीची तुलना उजवीशीं आणि डावीची डावीशीं करावी. सर्व तारा एका स्वरांत लावण्याचा हट्ट येथें धरूं नये. जी तार स्वरच देत नाहीं, नुसती ठक् करते, ती आजारी.

आतां प्रत्यक्ष काम. निपलांच्या तोंडाशीं आदल्या दिवशीं तेलाचा एकेक थेंब सोडावा. सायकल उलटी करून खोगीर व हँडल यांवर उभी करावी, चाक फिरवावें, आणि ब्रेकची गुटी किंवा चिमट्याला टेकवून धरलेला खडू रीमच्या जवळ न्यावा. रीम जेथें खडूला लागेल तेथें खूण उमटेल. कारागीर या कामाला आऊट काढणें म्हणतात. समजा, रीम एका जागीं डावीकडे गेली आहे. मग त्या खुणेच्या मध्यावर जी तार हबच्या उजव्या कडेला जाते तिचें निपल पाव फेरा घट्ट करावें, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या डाव्या तारांना त्याच्या निम्मा, म्हणजे अष्टमांश फेरा सैल द्यावा. पुन्हां फिरवून पाहावें. घाई करणाऱ्याचें चाक दुपारपर्यंत होतें त्याहून वाईट होतें.

पाव फेऱ्याचा आग्रह कशासाठीं, हेंहि सांगणें भाग आहे. या तारांवर एका इंचांत ५६ आटे असतात; म्हणजे निपलचा एक पूर्ण फेरा तारेला सुमारें ०.४५ मिलिमीटर ओढतो. तीस सेंटिमीटर लांबीची पोलादी तार शंभर किलो ताणाखालीं लांबते तीहि अवघी अर्धा मिलिमीटर. रीम थोडी लवते म्हणून प्रत्यक्षांत परिणाम इतका तीव्र होत नाहीं. तरीहि एकच फेरा देणारा मनुष्य आपण तारेच्या सर्व ताणाइतकी उलथापालथ करीत आहों, हें ध्यानीं ठेवील तर बरें.

दिशेविषयीं नवशिक्याचा गोंधळ नेहमीं होतो. निपलचा माथा टायरच्या बाजूस असतो. त्या बाजूनें पाहिलें तर घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरविल्यानें तार घट्ट होते. परंतु पाना लावणारा हबच्या बाजूनें पाहत असतो, म्हणून त्याला तीच दिशा उलटी दिसते. पहिल्या तारेवर थोडें फिरवून स्वर चढतो कीं उतरतो हें ऐकलें म्हणजे पुढें विचार करावा लागत नाहीं. आणखी एक: तार कधीं कधीं निपलबरोबर स्वतःच पिळली जाते आणि चाक फिरूं लागतांच तो पीळ सुटून मेहनत वायां जाते. म्हणून हवें त्याहून किंचित् अधिक फिरवून तेवढेंच परत यावें. शेवटीं एकमेकींना जवळजवळ समांतर असलेल्या तारांच्या जोड्या मुठींत धरून जोरानें आवळाव्या. कडकड आवाज होईल, घाबरूं नये. टोंकें जागेवर बसल्याचा तो आवाज आहे. त्यानंतर चाक पुन्हां एकदां तपासावें.

चाक बाजूला झुकतें त्याप्रमाणें वरखालींहि होतें. रीम जेथें हबपासून दूर, म्हणजे फुगलेली, असेल तेथील डाव्या-उजव्या तारा जोडीनें सारख्या कसाव्या; जेथें बसलेली असेल तेथील जोडीनें सैल कराव्या. हें काम आधीं आणि बाजूचें नंतर करावें, कारण वरखालचें काढतांना बाजूचें बिघडतें. पण खड्डयाच्या कडेवर आपटून पोलादी रीमला खोंच पडली असेल तर ती तारांनीं पुरती निघत नाहीं. तारा ओढून ओढून चाक गोल दिसूं लागेल, परंतु तेथील तारा ढिल्या आणि आसपासच्या फार घट्ट होतील. दिसण्यास गोल आणि ताणांत विषम असें चाक, किंचित् वांकडें पण ताणांत सारखें अशा चाकापेक्षां वाईट, असें निःसंकोच म्हणावें लागतें. पहिलें महिन्याभरांत पुन्हां दुकानांत येतें. दुसरें मुलीला वार्षिक परीक्षेपर्यंत नेऊन पोंचवितें.

दुसऱ्या टोंकाचा दोषहि आहे. प्रत्येक वेळीं आऊट काढतांना केवळ कसत जाणारे आणि सैल कधींच न करणारे हात असतात. त्यांच्या चाकांत ताण चढत चढत रीमच्या भोकांशीं चिरा पडतात, किंवा एका धक्क्यासरशी सबंध चाक खोगिराच्या आकाराचें होऊन बसतें. मग पाना कामाचा नाहीं.

तार तुटलीच तर काय करावें? तशीच सायकल दामटूं नये; एका तारेच्या मागोमाग दोन-तीन तुटतात. तुटलेला तुकडा शेजारच्या तारेला गुंडाळून बांधावा, म्हणजे तो चिमट्यांत अडकणार नाहीं. रीम ब्रेकला घासत असेल तर तुटलेल्या तारेच्या दोन्ही बाजूंच्या, पलीकडच्या कडेला जाणाऱ्या तारा अर्धा अर्धा फेरा सैल कराव्या आणि ओझें न घेतां सावकाश घरीं यावें. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूची तार असेल तर फ्रीव्हील काढल्याशिवाय नवी घालतां येत नाहीं. तें काम कारागिराचें. दुर्दैवानें अधिक ओझें मागच्याच चाकावर असतें.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर, शाळा उघडण्यापूर्वीं, पहिला पाऊस पडण्याच्या आंत हें काम उरकलेलें बरें. चिखल निपलांत भरला व तेथें गंज चढला कीं निपल फिरत नाहीं, आणि जोर केला तर त्याचे कोपरे घासून गोल होतात. असें निपल तारेसकट कापून टाकणें वेळाच्या व पैशाच्या दृष्टीनें परवडतें. टायर काढलेलाच असेल तर आंतून एकदां बोट फिरवावें: एखाद्या तारेचें टोंक निपलच्या माथ्याबाहेर आलें असेल तर तें कानशीनें घासून सपाट करावें आणि रीमपट्टी नीट बसवावी. जिची ट्यूब आंतल्या बाजूनें वारंवार फुटते त्या मुलीच्या वाटेवरचे कांटे पुष्कळदां निर्दोष असतात. तुटलेली तार फेंकूं नये, मापासाठीं दुकानांत न्यावी. हबची कड व रीम यांप्रमाणें तारांची लांबी बदलते. दोन-तीन मिलिमीटर लांब तार ट्यूबमध्यें शिरते, आणि आंखूड तार निपलांत चार-दोन आट्यांवरच तगून राहते व पहिल्याच चाकोरींत सुटते.